पाण्याच्या ओझ्याने जमीन खालीवर होते, ती उपग्रहांनी मोजायची कशी?

ओळंबा

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की मोठा जलाशय भरला की आजूबाजूची जमीन दबते, हे खरं की ढकलपत्रातलं? खरं आहे. जलाशयच कशाला, नुसता पाऊस मुरून माती-खडकात साठला किंवा डोंगरावर बर्फ चढलं तरी जमीन दबते आणि पाणी ओसरलं की वर येते. दरवर्षी. तिथे अवांतर वाढायला लागलं म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. एक मीटर उंचीचं पाणी खालच्या जमिनीवर साधारण १० किलोपास्कल दाब देतं. खडकाच्या हिशेबात ही चिल्लर. पण जमीन किती दबेल हे नुसत्या दाबावर ठरत नाही, तो दाब किती लांबवर पसरलाय यावरही ठरतं. पाण्याची गोल चकती धरली आणि जमीन एकजिनसी, लवचिक मानली तर चकतीच्या मधोमध जमीन इतकी दबते: २ × (१ − पॉयसाँ गुणोत्तराचा वर्ग) × दाब × त्रिज्या ÷ यंगचा गुणांक. (यंगचा गुणांक म्हणजे पदार्थ किती ताठ आहे त्याचं माप, पॉयसाँ गुणोत्तर म्हणजे एका दिशेने दाबल्यावर तो बाजूला किती फुगतो त्याचं.) पॉयसाँ गुणोत्तर ०.२५ आणि यंगचा गुणांक १०० गिगापास्कल घ्या. १०० किमी त्रिज्येवर १ मीटर पाणी असेल तर उत्तर येतं सुमारे १८ मिमी. तेच १ मीटर पाणी १० किमी त्रिज्येवर असेल तर २ मिमीसुद्धा नाही. उथळ पण अफाट पसरलेलं पाणी खोल पण चिमुकल्या तळ्याला सहज मागे टाकतं, हे डोक्यात पक्कं बसवा. पुढे सगळीकडे लागणार आहे.

खरी पृथ्वी एकजिनसी नाही, थराथरांची आणि गोल आहे. त्यासाठी भूभौतिकशास्त्रज्ञ फॅरेलने १९७२ साली तयार करून दिलेली भार-प्रतिसादाची कोष्टकं आजही याच कामाला वापरतात. मोठ्या भाराला खोलवरचे ताठ थर आधार देतात, छोट्या भाराला फक्त वरचे मऊ थर. चकतीचं सूत्र मात्र ढोबळ हिशेबाला पुरतं.

खरी उदाहरणं बघा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात मानाउस इथलं जीपीएस स्टेशन वर्षभरात ५० ते ७५ मिमी वरखाली होतं, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. नदीची पातळी तिथे वर्षाकाठी दहा मीटरच्या वर चढते-उतरते आणि आजूबाजूचं जंगल मैलोन्‌मैल पाण्याखाली जातं. ऑगस्ट २०१७ च्या हार्वी चक्रीवादळात ह्यूस्टनच्या परिसरातली स्टेशनं २१ मिमीपर्यंत दबली, काही दिवसांत. उलट बाजूने, अमेरिकेच्या पश्चिम भागात २०१३-१४ च्या दुष्काळात जमीन वर आली, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १५ मिमीपर्यंत. त्या उठावावरून हिशेब केला तर सुमारे २४० गिगाटन पाणी कमी झालं होतं. म्हणजे जमीन हाच वजनकाटा. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळे.

मोजायची साधनं तीन. जीपीएसचं कायमस्वरूपी स्टेशन, गुरुत्व मोजणारे ग्रेस उपग्रह आणि इनसार, म्हणजे एकाच जागेची दोन वेळची उपग्रह-रडारची चित्रं ताडून जमिनीची हालचाल काढायची पद्धत. माझं मत आधीच सांगून टाकतो: हंगामी भारासाठी सुरुवात जीपीएसने करा, पडताळणी ग्रेसने, आणि इनसार शेवटी. हल्ली उलटं चाललंय. जो तो रंगीत नकाशे फुकट मिळतात म्हणून इनसार उतरवून घेतो आणि त्यात ऋतुचक्र शोधत बसतो.

वाटसरू_७

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. १८ मिमी म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. दरवर्षी इमारती एवढ्या वरखाली होत असतील तर भिंतींना तडे कसे जात नाहीत?

ओळंबा

कारण सगळाच मुलूख एकत्र खाली जातो. तडा जायला शेजारच्या दोन बिंदूंमध्ये फरक पडावा लागतो. १०० किमीत १८ मिमी म्हणजे किलोमीटरमागे ०.१८ मिमी. इमारतीच्या दोन कोपऱ्यांत किती फरक पडेल तो तुम्हीच काढा. आणि उत्तर लक्षात ठेवा, कारण इनसारची गोची नेमकी इथेच आहे.

वाटसरू_७

म्हणजे गादीवर बसल्यासारखं? आपण उठलो की गादी वर?

ओळंबा

वर येण्यापुरतं बरोबर. पण गादी बूड टेकलंय तिथेच दबते, हातभर अंतरावर सपाट राहते. जमीन भाराच्या बाहेरही लांबवर दबलेली असते आणि तिथले बिंदू भाराच्या दिशेने किंचित ओढलेही जातात. ही आडवी ओढ उभ्या हालचालीपेक्षा बरीच लहान असते, पण फार उपयोगी. पाणी वाढताना स्टेशन ज्या बाजूला सरकतं, पाणी त्या बाजूला.

खडीकाम

आयुष्य लेव्हलिंगमध्ये, म्हणजे दुर्बिणीने जमिनीच्या उंच्या मोजण्यात गेलं, म्हणून विचारतो. आम्ही बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून, उंची आणतो. तुम्ही म्हणता बेंचमार्कसकट सगळं खाली जातं. मग खाली गेलं हे कशाच्या सापेक्ष? कुठला तरी बिंदू स्थिर धरावाच लागेल ना?

ओळंबा

अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, त्यामुळे जीपीएसची उंची शेवटी त्या केंद्राला बांधलेली असते. जमिनीवरचा कुठलाच दगड स्थिर धरावा लागत नाही. आंतरराष्ट्रीय संदर्भचौकट जगभरची स्टेशनं, लेझरने उपग्रहांचं अंतर मोजणाऱ्या वेधशाळा वगैरे एकत्र करून बांधतात.

मेख अशी की पाणी गोलार्धांमध्ये ऋतूनुसार इकडून तिकडे जातं, तेव्हा वस्तुमानकेंद्र स्वतःच पृथ्वीच्या घन कवचाच्या सापेक्ष काही मिलिमीटर डोलतं. सगळी पृथ्वी वर्षाच्या लयीत विरूप होते हे जीपीएसमधून २००१ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून दोन ठिकाणच्या उंचीच्या नोंदींच्या मालिका ताडून बघताना दोन्ही एकाच केंद्राच्या सापेक्ष आहेत ना, हे आधी बघायचं. नाहीतर मिलिमीटरभराचा खोटा हंगाम फुकट मिळतो.

लेव्हलिंगनेही हे दिसलेलं आहे बरं का. अमेरिकेतल्या हूवर धरणामागचं मीड सरोवर १९३५ पासून भरायला लागलं, तेव्हा आजूबाजूच्या परिसरात वारंवार लेव्हलिंग केलं होतं आणि जमीन दबल्याचं त्यातच सापडलं. उपग्रह नव्हतेच तेव्हा.

खडीकाम

हे पटलं. लांबच्या बेंचमार्कपासून लाइन आणली असणार. जवळचा धरला असता तर काही दिसलं नसतं.

ओळंबा

तेच! इनसारबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

रडारवेडा

आलो. माझ्या पद्धतीची बदनामी चाललेली दिसते. 😀

सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह दर १२ दिवसांनी तीच जागा बघतो, तरंगलांबी ५.६ सेंमी. दोन फेऱ्यांत परत आलेल्या लहरीच्या फेजमधल्या (लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्यातल्या) फरकातून रंगांचा एक पूर्ण पट्टा म्हणजे २.८ सेंमी हालचाल, आणि त्याचा लहानसा अंशही वाचता येतो. जीपीएस स्टेशन जिथे कुणी बसवलं तिथेच असतं. रडारला शेकडो किलोमीटर रुंदीचा अख्खा मुलूख दिसतो. त्यात ३० जुलै २०२५ ला नासा-इस्रोचा निसार हा रडार उपग्रह वर गेलाय, एल-बँड, म्हणजे लांब लहरींचा, २४ सेंमी तरंगलांबी. झाडीतही टिकणारा सिग्नल. हे सगळं शेवटी ठेवायचं?

ओळंबा

या, वाटच बघत होतो. तीन हरकती.

पहिली, इनसारचं माप सापेक्ष असतं. चित्रातला एक बिंदू शून्य धरता आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत. भार ३०० किमीवर पसरलेला असेल तर तुमचा शून्यही सगळ्यांबरोबर खाली जातो. खडीकाम म्हणतात तसं, जवळचा बेंचमार्क.

दुसरी, जो काही लांबलचक उतार चित्रात उरतो तो कक्षेतल्या चुकांचा किंवा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) समजून बरेच जण प्रक्रियेत काढूनच टाकतात. त्या उताराबरोबर भाराचा सिग्नलही केराच्या टोपलीत. एल-बँडला आयनोस्फिअरचा त्रास आणखी जास्त, तो आधी नीट वेगळा काढावा लागतो.

तिसरी सगळ्यांत वाईट: हवेतली वाफ. हवेच्या उभ्या स्तंभात १ मिमी पाण्याइतकी वाफ वाढली की रडारच्या लहरीला साधारण ६.५ मिमी उशीर होतो. मोसमी प्रदेशात कोरड्या आणि ओल्या ऋतूत ही वाफ ३०-४० मिमीने बदलते. म्हणजे २०० मिमीच्या वर हंगामी उशीर, आणि आपण शोधतोय १०-१५ मिमी. सगळीकडे सारखा असता तर सापेक्ष मापात कटला असता. पण दरीवर वाफेचा थर जाड, डोंगरावर पातळ. त्यामुळे डोंगर-दऱ्यांच्या आकाराबरहुकूम, बरोबर वर्षाच्या लयीत, सुंदर खोटा सिग्नल तयार होतो. कितीतरी चित्रांत डोंगर ‘श्वास घेताना’ दिसतो तो असा.

रडारवेडा

तिसरी हरकत मान्य, तिच्यावर इलाजही आहेत. ईआरए५ सारख्या हवामान-पुनर्विश्लेषणातून किंवा गॅकॉससारख्या सेवेतून उशीर वजा करता येतो. पूर्ण जात नाही, खूप कमी होतो. बाकी दोन हरकती मोठ्या भारापुरत्या. तुमच्याच सूत्राने जलाशयाचा हिशेब करतो.

त्रिज्या ५ किमी, पातळीतली चढउतार २० मीटर, बाकी आकडे तुमचेच. मधोमध १८ मिमी. तिथे पाणी आहे, रडारच्या उपयोगाचं नाही. काठावर मधल्याच्या २ भागिले π पट, म्हणजे १२ मिमीच्या आसपास. केंद्रापासून २० किमीवर भार बिंदूसारखा धरला तर २.३ मिमी. काठ आणि २० किमी यांच्यात जवळपास १० मिमीचा फरक, तोही फक्त १५ किमीत. रडार तिरपं बघतं म्हणून त्याला दिसेल ८ मिमी, पट्ट्याचा पाऊण-चतुर्थांश. एका चित्रात वाफेत बुडेल, पण पातळी वर्षागणिक वेगवेगळी भरते-उतरते, आणि शंभर-दोनशे चित्रं हाताशी असतात. जलाशयाच्या पातळीच्या नोंदीशी प्रत्येक पिक्सेलची सांगड घाला, सिग्नल वर येतो. मीड सरोवराभोवती ईआरएस उपग्रहाच्या १९९० च्या दशकातल्या चित्रांतून नेमकं हेच केलेलं आहे.

ओळंबा

पाऊण-चतुर्थांश हे काय माप आहे? पण हिशेब चोख, जलाशयाचं मान्य. तिथे भार लहान, खोल, आणि त्याची पातळी कुणीतरी रोज लिहून ठेवतं. पाण्याची पातळी दर वर्षी त्याच तारखेला तेवढीच येत असती तर मात्र वाफ आणि भार वेगळे करणं अवघड गेलं असतं. पातळी लहरी आहे हे तुमचं नशीब. निसारबद्दल माझ्याही अपेक्षा आहेत, माझी अट एवढीच की चित्रात दोन-चार जीपीएस स्टेशनं हवीत, शून्याला बांधून ठेवायला.

रडारवेडा

ती अट मला आधीपासूनच मान्य आहे. 🙂 आणि आठ भागिले अठ्ठावीस. चतुर्थांशाहून थोडं जास्त म्हणा.

अर्धविराम

धाग्याबद्दल धन्यवाद. मी विद्यार्थी आहे, प्रकल्पासाठी एका जीपीएस स्टेशनची बरीच वर्षांची मालिका घेतली आहे. पाऊस संपल्यावर जमीन सगळ्यांत खाली असायला हवी ना? माझं स्टेशन पावसानंतर वर येतं आणि उन्हाळ्याअखेर खाली जातं. बरोबर उलटं. उभ्या दिशेचं चिन्ह दोनदा तपासलं, अधिक म्हणजे वरच. स्टेशन नदीच्या गाळाच्या सपाट मैदानात आहे. काय चुकतंय?

खडीकाम

गाळ म्हणताय आणि वर येतंय म्हणताय. जवळ विहिरी, बोअर, उपसा?

अर्धविराम

भरपूर. उन्हाळ्यात उपसा जोरात असतो.

ओळंबा

मग काही चुकत नसावं. तुमच्याकडे दुसरंच यंत्र चालू आहे.

पाणी जमिनीला दोन परस्परविरोधी गोष्टी करतं. वजन म्हणून ती खाली दाबतं. पण वाळू-चिकणमातीच्या थरांत पाण्याचा दाब वाढला की तोच दाब कणांवरचं ओझं थोडं उचलून घेतो आणि थर फुगतो. उपसा केला की दाब उतरतो, कण एकमेकांवर बसतात, थर आकसतो. तेच पाणी, दिशा उलट. खडकावर पहिलं जिंकतं. गाळाच्या खोऱ्यात, विशेषतः वर-खाली चिकणमातीने बंद असलेल्या जलधरात (भूजल साठवणाऱ्या थरात), दुसरं सहज जिंकतं. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला सांता आना खोऱ्यात जमीन दर वर्षी ५५ मिमीपर्यंत वरखाली होते, हे २००१ मध्ये जीपीएस आणि इनसार दोन्हींतून दाखवलं गेलं. ते भाराने होत नाही, भूजल भरण-उपशाने होतं.

दोन्ही शेजारी-शेजारी बघायचे तर कॅलिफोर्नियाची मधली मोठी दरी. उपशाने दरीचा तळ खचतोय, दुष्काळात काही ठिकाणी वर्षाला २० सेंमीहून जास्त. आणि दरीच्या दोन्ही बाजूंचे डोंगर वर्षाला १ ते ३ मिमी वर येतायत, कारण दरीतलं पाण्याचं वजन कमी झालंय. एकच उपसा, तळ खाली, कडा वर. तळावरचं स्टेशन घेऊन कुणी पाण्याचं वजन काढलं तर चिन्हासकट उलटं उत्तर मिळेल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

रडारवेडा

मी काय म्हणत होतो, इथे इनसार राजा! जलधराचा फुगवटा काही किलोमीटरचा, कडा स्पष्ट, आकडा मोठा. अर्धविराम, तुझ्या स्टेशनभोवतीची चित्रं बघ. हंगामी हालचाल गाळाच्या हद्दीत थांबत असेल आणि खडक लागला की गायब होत असेल तर खटला संपला.

ओळंबा

इथे राजा, मान्य. पण अर्धविराम, चित्रांकडे जाण्याआधी मालिकेवरच काही कामं करून घ्या.

एक तर सरळ रेष, वार्षिक साइन-कोसाइन (वर्षाची लाट), सहामाही साइन-कोसाइन, आणि अँटेना बदलल्याच्या किंवा भूकंपाच्या दिवशी पायरी, हे सगळं एकाच वेळी बसवा. आधी सरळ रेष काढून उरलेल्यावर साइन बसवली तर मालिका अर्ध्या वर्षावर तुटलेली असताना दोन्ही बिघडतात. पायरी विसरलात तर ती कलात आणि वार्षिक आयामात (लाटेच्या उंचीत) वाटली जाते.

मग आडवी दिशा. जमीन भाराने दबत असेल तर स्टेशन पाण्याकडे ओढलं जातं. जलधर फुगत असेल तर कडेची स्टेशनं बाहेर ढकलली जातात. उभ्या दिशेत गोंधळ असला तरी आडवी दिशा बऱ्याचदा खरं बोलते, आणि तिच्यात खरखरही कमी असते.

अँटेना कशावर आहे तेही विचारा. दहा मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर असेल तर काँक्रीट ऋतूप्रमाणे प्रसरण पावतं. अंशामागे दहा लाखात सुमारे दहा भाग धरा, २५ अंशांचा फरक धरा, अडीच मिमी झाले. उन्हाळ्यात वर, थंडीत खाली. तुमचं स्टेशन उन्हाळ्याअखेर खाली जातंय म्हणता, तेव्हा निदान हा आरोपी सुटला.

आणखी एक भामटा आहे. जीपीएसच्या उपग्रहांची कक्षा-सूर्य अशी भूमिती साधारण ३५१.४ दिवसांनी पुन्हा तीच येते, त्यामुळे जीपीएसच्या स्वतःच्या चुकाही त्या लयीत येतात. ३६५ च्या इतकं जवळ की दोन्ही पूर्ण वेगळे करायला पंचवीसेक वर्षांची मालिका लागेल. अर्ध्या-एक मिलिमीटरच्या वार्षिक आयामावर म्हणूनच फार विश्वास टाकू नये. पाच-सहा मिमी असेल तर काळजी नाही.

अर्धविराम

अँटेना जमिनीत रोवलेल्या खांबावर आहे, गच्चीवर नाही. ग्रेसशी तुलना करून बघितली होती. ग्रेसचं पाणी पावसाळ्याच्या शेवटी सर्वांत जास्त येतं, आणि त्याच सुमाराला माझं स्टेशन सर्वांत वर. म्हणून घाबरलो होतो.

निरुत्तर

ग्रेस म्हणजे ते एकामागोमाग उडणारे दोन उपग्रह ना? ते पाणी कसं मोजतात, कुणीतरी चार ओळीत सांगा.

रडारवेडा

१७ मार्च २००२ ला सोडलेली जोडी, एकमेकांपासून साधारण २२० किमी. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, मागचा नंतर. त्यांच्यातलं अंतर मायक्रोवेव्हने काही मायक्रॉनपर्यंत मोजतात. त्यावरून दर महिन्याचा गुरुत्वाचा नकाशा, त्यातून पाण्याचा. २०१७ मध्ये काम थांबलं, २२ मे २०१८ ला ग्रेस-एफओ ही पुढची जोडी गेली. मध्ये वर्षभराची फट.

ओळंबा

आणि नजर जाडी. ३०० किमीच्या आतलं वेगळं दिसत नाही. त्यामुळे अर्धविरामच्या गाळाच्या मैदानातला स्थानिक फुगवटा ग्रेसला माहीतच नसतो. तो फक्त मोठ्या मुलखाचं वजन सांगतो.

तुलना करताना कुठे पाय घसरतो ते सांगून ठेवतो, कारण सगळ्यांचाच घसरतो. ग्रेसच्या प्रक्रियेत हवेचा आणि समुद्राचा भार प्रतिमानाने आधीच काढलेला असतो. जीपीएस स्टेशनला मात्र हवेचं वजन जाणवतं. हवेच्या दाबात १० हेक्टोपास्कल फरक म्हणजे १० सेंमी पाण्याइतका भार, आणि मोसमी प्रदेशात पाणी जास्त असतं त्याच दिवसांत हवेचा दाब कमी असतो. एकमेकांना अंशतः खाणारे भार. तेव्हा एक तर जीपीएसमधून हवेचा भार वजा करा किंवा ग्रेसमध्ये परत मिळवा. दोन्हीकडे एकच काहीतरी.

दुसरं, मघाशी खडीकामांना सांगितलं ते वस्तुमानकेंद्राचं डोलणं. ग्रेस स्वतःच त्या केंद्राभोवती फिरतो, म्हणून त्याला हे डोलणं दिसतच नाही. तो भाग वेगळ्या मालिकेतून आणून जोडावा लागतो. तो जोडला नाही म्हणून ‘जीपीएस आणि ग्रेस जुळत नाहीत’ असे निष्कर्ष काढलेले पाहिले आहेत.

शेवटी पाण्याचा नकाशा भार-प्रतिसादाच्या गुणांकांतून काढून मिलिमीटरमध्ये आणायचा. पाण्याच्या सेंटीमीटरची स्टेशनच्या मिलिमीटरशी थेट तुलना करायची नाही.

निरुत्तर

आलं लक्षात. एक भाबडा प्रश्न राहिला, कुणीतरी विचारणारच होतं म्हणून मीच विचारतो. एवढं वजन वर्षाला चढतं-उतरतं तर भूकंप?

ओळंबा

हंगामी भाराने खोलवर ताणात काही किलोपास्कलची भर पडते. भूकंपात ताण मेगापास्कलच्या घरात मोकळा होतो. तेव्हा भार भूकंप निर्माण करत नाही, आधीच काठावर आलेल्या भ्रंशाला (खडक जिथे सरकतात त्या भेगेला) फार तर थोडं पुढेमागे करतो. नेपाळच्या हिमालयात लहान भूकंप पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त नोंदले जातात आणि त्याचा संबंध गंगेच्या मैदानातल्या पाण्याच्या ओझ्याशी जोडला गेला आहे. ईशान्य जपानमध्ये बर्फाच्या भाराचा असाच विचार मांडला गेला.

मोठ्या जलाशयांचं प्रकरण वेगळं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप जगभर अभ्यासला जातो, पण तिथे नुसतं वजन पाहून भागत नाही. भेगांतून खोलवर झिरपणाऱ्या पाण्याचा दाब भ्रंशाची पकड सैल करतो. पुन्हा तेच, वजन एक आणि पाण्याचा आतला दाब दुसरं. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा.

अर्धविराम

सांगितलं ते केलं.

सगळं एकत्र बसवलं, एक अँटेना-बदलाची पायरी राहिली होती ती घातली. वार्षिक आयाम थोडा बदलला, दिशा तीच. मग डोंगराच्या बाजूची खडकावरची दोन स्टेशनं घेतली. ती दोन्ही पावसाच्या शेवटी खाली जातात, ग्रेसवरून काढलेल्या हालचालीशी छान जुळतात. माझं तेवढं उलटं. आडव्या दिशेत खडकावरची दोन्ही मैदानाकडे ओढली जातात, आणि माझं, मैदानाच्या कडेला असलेलं, पावसानंतर डोंगराकडे सरकतं.

इनसारच्या तयार चित्रांतही हंगामी ठिपका गाळाच्या हद्दीतच दिसतो.

खडीकाम

खटला संपला.

रडारवेडा

हे मी आधी म्हटलं होतं, नोंद घ्यावी.

अर्धविराम

पण माझा प्रकल्प पाण्याच्या भारावर आहे. मग हे स्टेशन टाकून द्यायचं का?

ओळंबा

भाराच्या उलट-गणितातून (हालचालीवरून पाण्याचं वजन काढण्यातून) वगळा, टाकून देऊ नका. खडकावरच्या दोन स्टेशनांवरून आणि ग्रेसवरून तुमच्या जागी भाराने किती दबायला हवं ते काढा. ते स्टेशनच्या मालिकेतून वजा करा. भार खाली ओढतोय आणि फुगवटा वर ढकलतोय, तेव्हा वजाबाकीनंतर वार्षिक आयाम वाढला पाहिजे. कमी झाला तर चिन्ह कुठेतरी उलटं लागलंय. उरेल ती जलधराची हालचाल. ती विहिरीतल्या पाण्याच्या पातळीशी लावून बघा. पातळी मीटरभर चढली की जमीन किती मिलिमीटर फुगते हे गुणोत्तर मिळालं तर ते त्या जलधराचं खरं मोजमाप आहे, आणि ते इनसारच्या ठिपक्यावर सगळीकडे लावता येतं.

एक बघा: दर वर्षी पातळी पूर्वपदावर आली तरी जमीन पूर्ण वर येते का? चिकणमाती एकदा जास्त दाबली गेली की काही भाग कायमचा बसतो. तुमच्या सरळ रेषेचा उतार खालच्या दिशेला असेल तर तो खडकावरच्या स्टेशनांच्या उतारापेक्षा किती वेगळा आहे ते आधी काढा.

अर्धविराम

उतार खालीच आहे. खडकावरची दोन्ही जवळजवळ सपाट.

खडीकाम

अरेरे. मग विहिरींच्या जुन्या नोंदी शोधा, जितक्या मागच्या मिळतील तितक्या. हंगामी भागापेक्षा तोच भाग लोकांच्या कामाचा आहे.

रडारवेडा

चित्रं मी प्रक्रिया करून देतो, एकट्याने करायला वेळ जाईल. शून्याचा बिंदू कुठला घेऊ?

ओळंबा

खडकावरचं स्टेशन. गाळातला कुठलाही नको.